जपलेला हात: स्तनकर्करोगाच्या उपचारांनंतरच्या २४ आठवड्यांचं एक प्रकरण

इथे मांडलेल्या बाई म्हणजे एक विशिष्ट रुग्ण नव्हे. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातून उपचारांसाठी येणाऱ्या बायकांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एकत्र करून हे प्रकरण शिकण्या-शिकवण्यासाठी बांधलं आहे आणि मोजमापंही त्याच हेतूनं दिली आहेत. फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, परिचारिका आणि घरातली सून-मुलगी यांना ते उपयोगी पडावं.

परिस्थिती

वय ५४. उजव्या स्तनाचा कर्करोग, दुसरी अवस्था, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे स्त्री-संप्रेरकांच्या बळावर वाढणारा), हर-टू या प्रथिनासाठी निगेटिव्ह. पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, काढण्याची शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या १७ गाठींपैकी ३ मध्ये रोग होता. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी एक अशी अ‍ॅड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फमाइडची ४ सलाइनं, मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेलची १२ आणि शेवटी १५ दिवसांचं रेडिएशन. आता शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी सुरू होऊन चार महिने झालेत. मधुमेह तीन वर्षांपासून असून मेटफॉर्मिन चालू आहे.

बाई आल्या तेव्हा त्यांची तक्रार कर्करोगाची नव्हतीच. "अंगात जीवच नाही. सकाळी उठताना बोटं वळत नाहीत. आणि हात वर जात नाही." सून सोबत होती. ती म्हणाली, "आईंना आम्ही काहीच करू देत नाही. डिस्चार्जच्या वेळी सांगितलं होतं ना, हात जपा म्हणून."

सगळं प्रकरण या एका वाक्याभोवती फिरतं. चौदा महिने घरानं मनापासून हात जपला होता. कळशी बंद, धुणं बंद, भाकरी थापणं बंद, मळ्यात जाणं बंद. 'ताकद यावी' म्हणून रोज तुपातला शिरा. प्रेमात काहीच उणं नव्हतं, पण न वापरलेला खांदा आखडला, मांडीचे स्नायू झिजले, वजन वाढलं, आणि वजन वाढल्यामुळे 'तब्येत सुधारली' असा सगळ्यांचा समज झाला.

पहिल्या दिवशी काय मोजलं

उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६६.५ किलो. निदानाच्या वेळी ते ५८ होतं. बीएमआय २८.८ आला. आपल्याकडच्या लोकांसाठी २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. कंबरेचा घेर ९४ सेंटिमीटर होता, बायकांमध्ये तो ८० च्या आत हवा.

वजनाचा काटा इथे फसवतो. साडेआठ किलो वाढले खरे, पण बिनहाताच्या खुर्चीवरून ३० सेकंदांत बाई फक्त ८ वेळा उठू शकल्या, जिथे साठीच्या बाईकडूनही किमान १२ ची अपेक्षा असते. उजव्या मुठीची ताकद १३ किलो आणि डावीची १७, म्हणजे कामाचाच हात कमजोर. ३० मीटरच्या पट्ट्यावर सहा मिनिटांत चालून झालं ३४२ मीटर. चरबी वाढली होती आणि स्नायू गेला होता. अशा वेळी नुसतं 'वजन कमी करा' असं सांगितलं तर बाई जेवण तोडतात आणि उरलेला स्नायूही घालवून बसतात.

उजवा हात समोरून ११५ अंशांपर्यंत वर गेला, बाजूनं ९५. काखेतून कोपराकडे जाणारी दोरीसारखी ताठ शीर हात ताणला की दिसत होती. ती खरं तर शीर नसते. काखेतल्या गाठी काढल्यावर लसिकावाहिन्यांच्या, म्हणजे ऊतींतलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या, मार्गावर असा ताठ पट्टा तयार होतो. तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांत येतो आणि ताणाच्या व्यायामानं सुटतो. इथे कुणी ताणच दिला नव्हता.

मग टेप. मनगटाच्या करंगळीकडच्या उंचवट्यापासून १०, २०, ३० आणि ४० सेंटिमीटरवर पेनानं खुणा करून दोन्ही हातांचे घेर घेतले. उजवा हात अनुक्रमे १.२, १.६, १.५ आणि १.१ सेंटिमीटरनं जाड निघाला. कुठल्याही एका जागी २ सेंटिमीटरचा फरक आला की सहसा लिम्फेडेमा (लसिका साचून आलेली सूज) म्हणतात, म्हणजे कागदावर बाई त्या रेषेच्या आत होत्या. पण त्यांच्या उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या मनगटावर हलत नव्हत्या आणि खाली दबलेली गोल खूण होती. डाव्या हातातल्या, त्याच मापाच्या बांगड्या कोपराकडे सहज सरकत होत्या. बांगडी आणि ब्लाउजची बाही टेपच्या आधी बोलतात. हे बाईंना दाखवल्यावर त्यांनाच आठवलं की उजवी बाही दोन महिन्यांपूर्वी उसवून घेतली होती.

रक्तात हिमोग्लोबिन १०.९ आणि ड जीवनसत्त्व १४ नॅनोग्रॅम, दोन्ही कमी. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, ६.९ आणि बी-१२ खालच्या सीमेवर. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि मांसाहार सोडलेल्यांत बी-१२ घसरतं, इथे दोन्ही होतं. हाडांच्या घनतेच्या तपासणीत कण्याचा टी-स्कोअर उणे १.९, म्हणजे हाडं विरळ होऊ लागलेली. लेट्रोझोलनं हाडं विरळ होतात, त्यामुळे हा आकडा सुरुवातीलाच हाती असणं फार गरजेचं. अ‍ॅड्रियामायसिननं हृदय कमजोर होऊ शकतं, म्हणून इको पाहिला. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता, ५८ टक्के, व्यायामाला आडकाठी नाही. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक होतं. मधुमेह असताना प्रथिनं वाढवण्याआधी ते पाहायलाच हवं.

जीवनमानासाठी क्यूएलक्यू-सी३० आणि बीआर२३ या प्रश्नावल्या मराठीत मिळतात, त्या भरून घेतल्या. त्याशिवाय शून्य ते दहाच्या पट्टीवर थकवा ७ आणि सांधेदुखी ६. मग एकच प्रश्न विचारला: काय परत करता यायला हवं? बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. केस स्वतः मागे बांधायचेत. देवघराच्या वरच्या फळीवरची समई काढायची आहे. आणि नातवाला उचलायचं आहे. नातू ११ किलोचा. पुढचं सगळं वेळापत्रक या तिन्हींवर बेतलं.

ताटात काय होतं

तीन दिवसांचं खाणं लिहून घेतलं, त्यातला एक दिवस उपवासाचा. सकाळी दोन कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, सोबत खारी. अकराला शिरा. दुपारी भात, पातळ वरण, भाजी. संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किटं. रात्री मऊ खिचडी. दूध बंद, कारण 'दुधानं गाठ वाढते' असं कुणी सांगितलं. अंडी आणि मासे-मटण बंद, सोयाबीन तर पूर्णच बंद. रोज गुळवेलाचा काढा. गुरुवारी आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी.

हिशेब केला तर दिवसाला सुमारे १,८०० किलोकॅलरी आणि प्रथिनं जेमतेम ३४ ग्रॅम. पोट भरत होतं, स्नायूला काही मिळत नव्हतं.

सोयाबीनबद्दल इतकंच. अन्नातल्या प्रमाणात, म्हणजे मूठभर सोयाबीन किंवा सोयावडी, स्तनकर्करोगातून बऱ्या झालेल्या बायकांना धोकादायक नाही. गोळ्या-कॅप्सूलमधले सोयाचे अर्क मात्र घेऊ नयेत. दुधाबद्दलची भीती निराधार. गुळवेलाचा काढा थांबवला, कारण त्यानं यकृताला इजा झाल्याची प्रकरणं आपल्याकडेच नोंदली गेली आहेत.

आहार: आधी फसलेला आणि मग बसलेला

बाईंकडे आधीच एक छापील आहारतक्ता होता. ओट्स, ऑलिव्ह ऑइल, ब्रोकोली, 'ग्रिल्ड' मासे. तो फ्रिजवर चिकटवलेला होता आणि एक दिवसही पाळला गेला नव्हता. दोष बाईंचा नाही. त्या तक्त्यात भाकरी कुठेच नव्हती.

नवा बेत घरात शिजणाऱ्या गोष्टींतून केला. प्रथिनांचं लक्ष्य दर किलोला १.२ ग्रॅम, पण आताच्या ६६.५ वर नाही, आजाराआधीच्या ५८ किलोवर, म्हणजे साधारण ७० ग्रॅम. ऊर्जा १,५०० किलोकॅलरीच्या आसपास.

सकाळी २०० मिलिलिटर दूध बिनसाखरेचं, त्यात साडेसहा ग्रॅम. न्याहारीला ५० ग्रॅम मूगडाळ भिजवून-वाटून धिरडी, १२ ग्रॅम. दुपारी दीड ज्वारीची भाकरी, म्हणजे ७५ ग्रॅम पीठ, त्यात ७. सोबत ३० ग्रॅम तूरडाळीची घट्ट आमटी साडेसहा, दीडशे ग्रॅम दही साडेचार, पालेभाजी आणि शेंगदाण्याचं कूट मिळून साडेपाच. पाचला ३० ग्रॅम फुटाणे, ६. रात्री एक भाकरी ५, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आणून उसळ ८, आणि एक अंडं साडेसहा. बेरीज साडेसदुसष्ट. सात-आठ दिवसांतून एकदा भाकरी नाचणीची, कॅल्शियमसाठी. तेल महिन्याला माणशी अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला तीन-साडेतीन चमचे.

मापं ग्रॅममध्ये सांगून घरात चालत नाहीत. म्हणून त्यांच्याच स्वयंपाकघरातली वाटी काट्यावर ठेवून डाळ मोजली. त्या वाटीत पाऊण भरली की ५० ग्रॅम मूगडाळ. वाटीवर खूण केली. दुसऱ्या घरातली वाटी दुसरी असते, तेव्हा हे काम प्रत्येक घरी नव्यानं करायचं.

अडचण पहिल्याच आठवड्यात आली. श्रावण लागला होता, घरात अनंत चतुर्दशीपर्यंत अंडं शिजणार नव्हतं. वाद घालण्यात अर्थ नाही, श्रद्धेशी भांडून पथ्य टिकत नाही. अंड्याच्या जागी ४० ग्रॅम पनीर घातलं, त्यात साडेसात ग्रॅम मिळतात. उपवासाला साबुदाण्याऐवजी वरईचा भात आणि शेंगदाण्याची घट्ट आमटी, वर वाटीभर दही, रात्री राजगिऱ्याची भाकरी आणि पनीर. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्या दिवशी पूर्वी १५ ग्रॅमही प्रथिनं जात नव्हती, आता पंचेचाळिसाच्या पुढे जाऊ लागली. साखरही कमी उसळली.

दुसरी अडचण गॅसची. सुनेनं उत्साहात धिरडी, उसळ आणि फुटाणे एकाच दिवशी सुरू केले आणि बाईंचं पोट फुगलं. मग आठवड्याला एकच नवी डाळ, कडधान्य आठ-दहा तास भिजवून, पाणी टाकून, मोड आणून, हिंग-ओव्याची फोडणी. तीन आठवड्यांत पोट सरावलं.

ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी आठवड्याला ६०,००० युनिट असं आठ आठवडे दिलं, बी-१२ सुरू केलं. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबर. कॅल्शियम कार्बोनेट रिकाम्या पोटी नीट शोषलं जात नाही आणि बाई ती पहाटे चहाबरोबर घेत होत्या.

व्यायाम: औषधासारखी मात्रा

'हात जपा' हा सल्ला कुठून आला ते समजण्यासारखं आहे. काखेतल्या गाठी निघाल्या की लसिकेचा निचरा अपुरा पडतो, मग भार टाळावा असं वाटतं. पण हे तपासलं गेलं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पाल (PAL) नावाच्या अभ्यासात हळूहळू वाढवलेल्या वजनांचा व्यायाम करणाऱ्या बायकांना सूज जास्त आली नाही. २०१० साली आलेल्या भागात, पाच किंवा जास्त गाठी काढलेल्यांत व्यायाम करणाऱ्यांपैकी ७ टक्के आणि न करणाऱ्यांपैकी २२ टक्के बायकांच्या हाताला सूज आली. त्या अभ्यासातला कळीचा शब्द 'हळूहळू' हा आहे. अगदी कमी वजनापासून, देखरेखीखाली, लक्षण दिसलं की थांबून. तो शब्द गाळून कुणी थेट पाच किलोचा डंबेल हाती दिला तर त्या अभ्यासाचा आधार उरत नाही.

पहिले दोन आठवडे फक्त हालचाल. पाठीवर झोपून दोन्ही हातांनी लाटणं धरून डोक्यामागे नेणं, १० वेळा, दिवसातून दोनदा, ताण जाणवेल पण कळ येणार नाही इतकंच. भिंतीकडे तोंड करून बोटांनी वर 'चढणं', आणि पोचलेल्या जागी पेन्सिलीची खूण. काखेतल्या पट्ट्यासाठी हात बाजूला पसरून मनगट मागे वळवून २० सेकंद ताण, पाचदा. चालणं दहा मिनिटं, दिवसातून तीनदा.

चालायचं कुठे, हाही प्रश्न होता. पॅक्लिटॅक्सेलनं तळपाय बधिर आणि बाहेर पावसाचा चिखल. मळ्याची वाट रद्द केली. घराची ओसरी टेपनं मोजली, ९ मीटर. अकरा वेळा लांबी ओलांडली की शंभर मीटर. प्रत्येक फेरीला सूपातला एक हरभरा दुसऱ्या सूपात टाकायचा. पायात मागून पट्टा असलेली चप्पल, रोज रात्री तळवे हातानं आणि डोळ्यांनी तपासायचे, आणि ओट्याला हात टेकून एका पायापुढे दुसरा पाय ठेवून ३० सेकंद तोल सांभाळायचा.

तिसऱ्या आठवड्यापासून ताकदीचा व्यायाम, मंगळवारी आणि शनिवारी. मध्ये किमान ४८ तासांची विश्रांती. खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात टेकून रेटणं, पायरीवर चढ-उतार, टाचा उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून तो मागे ओढणं, आणि हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेऊन कोपर वाकवणं. प्रत्येकी ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या. जोर किती? करताना बोलता यावं, गाता येऊ नये. दहापैकी चार-पाच इतका. दोन सत्रं सलग हात जड न होता पार पडली तरच वजन पाव किलोनं वाढवायचं. आठवडाभर खंड पडला तर एक पायरी खाली उतरायचं. उचलताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही.

हाडं विरळ असल्यानं पुढे वाकून पायाची बोटं धरणं, जोरानं कंबर पिळणं टाळलं. बाईंना योगासनं आवडत होती, ती काढून घेतली नाहीत. ताडासन, भुजंगासन भिंतीशी उभ्यानं, आणि संथ श्वसन ठेवलं, पश्चिमोत्तानासन आणि हलासन सोडलं.

थांबायचं कधी, ते वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ताप, छातीत दुखणं, चक्कर, हात लाल आणि गरम होणं, कण्यात किंवा मांडीच्या हाडात नवं, रात्री जागं करणारं दुखणं. यातलं शेवटचं लक्षण व्यायामाचं दुखणं समजून दाबायचं नाही. ते डॉक्टरांनी पाहायलाच हवं.

सहावा आठवडा

गौरी आल्या. इतक्या महिन्यांनी बाई स्वयंपाकघरात उतरल्या, आणि त्याचा त्यांना किती आनंद होता हे सांगायला नको. अडीच किलो चणाडाळीचं पुरण, पुरणयंत्राचं हँडल उजव्या हातानं, मग पोळ्या लाटणं. जवळजवळ तीन तास. तव्याची कड लागून तर्जनीला छोटा चटका.

दुसऱ्या दिवशी बांगड्या रुतल्या होत्या. २० सेंटिमीटरच्या खुणेवर फरक १.६ वरून २.७ वर गेला. बाईंनी सगळा व्यायाम बंद केला. "बघा, बाटल्या उचलल्या आणि हात सुजला."

अशा वेळी आधी दोन गोष्टी बाजूला काढायच्या. जंतुसंसर्ग झाला तर हात लाल, गरम, दुखरा होतो, बहुधा ताप येतो, आणि मग त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं. शिरेत गुठळी झाली तर सूज अचानक येते, हात निळसर दिसतो, छातीवर शिरा उठून दिसतात, मग डॉपलर तपासणी. इथे दोन्ही नव्हतं. चटक्याची जागा स्वच्छ धुऊन मलम लावलं आणि तिच्यावर नजर ठेवली.

मग वही उघडून शेजारी शेजारी मांडलं. बाटलीचा व्यायाम: अर्धा ते पाऊण किलो, एकूण पंधरा मिनिटं, मध्ये विश्रांती, आठवड्यातून दोनदा. पुरण: तीन तास, एकाच दिशेचं वर्तुळ, मूठ आवळलेली, गरम वाफेशेजारी, विश्रांती नाही. उष्णतेनं हातात रक्त जास्त येतं, लसिका जास्त तयार होते, आणि आवळलेली मूठ सैल न झाल्यानं निचऱ्याचा पंप चालत नाही. सूज आली ती अचानक वाढलेल्या मात्रेनं. चूक बाईंची मुळीच नव्हती. पहिल्या दिवशी 'आठवड्याचं वेळापत्रक' विचारलं, 'येत्या दोन महिन्यांत घरात काय आहे' हे विचारलंच नव्हतं. श्रावणात सुरू होणाऱ्या बेतात गौरी-गणपती धरला नाही, ही बेताची उणीव.

यात आणखी एक गुंतागुंत झाली. मुलानं घाईनं औषधाच्या दुकानातून तयार दाबबाही, म्हणजे सूज आटोक्यात ठेवण्यासाठी हातावर चढवायची ताणाची बाही, आणली. दंडाला ती घट्ट होती, वरची कड गुंडाळली जात होती आणि तिथे दोरी बांधल्यासारखा वळ उमटला, खाली बोटं फुगली. चुकीच्या मापाची बाही न घातलेल्या बाहीपेक्षा वाईट. मनगट, कोपर आणि काखेखाली असे घेर सकाळी, सूज सर्वांत कमी असताना घ्यावे लागतात. त्या मापाची, दुसऱ्या श्रेणीच्या दाबाची बाही मागवली, बोटांवर सूज होती म्हणून पंजासकट. दिवसा आणि व्यायामाच्या वेळी घालायची, रात्री काढायची, रोज साबणानं धुवायची, सहा महिन्यांनी बदलायची. दोन घ्याव्या लागतात, एक वाळत असताना दुसरी हवी. पावसाळी दमट हवेत कोपराच्या वळीत बुरशी येते, तिथली कातडी कोरडी ठेवायची आणि रात्री साधं मलम चोळायचं.

पाय आणि चालणं दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू केलं, ते थांबवण्याचं काही कारणच नव्हतं. हाताचा व्यायाम पाच दिवसांनी, अर्ध्या किलोवरून, बाही घालून. दोन आठवड्यांत फरक १.३ वर आला. आणि स्वयंपाकघर पुन्हा बंद केलं नाही. नियम असा केला: पुरण असो की भाकऱ्या, वीस मिनिटांनी हात बदलायचा किंवा दहा वेळा मूठ उघड-मीट करून हात डोक्याच्या वर धरायचा. विळी आणि उसाचं पाचट हाताळताना हातमोजा, कारण बारीक काप हेच जंतूंचं दार. बाईंना भाकरी थापायला मिळाली, त्या दिवसापासून बाकीचं पथ्य त्यांनी स्वतःहून धरलं.

गोळ्यांची पट्टी

आठव्या आठवड्यात वेगळंच निघालं. गोळ्यांच्या पट्ट्या मोजल्या तर १२ लेट्रोझोल जास्त उरल्या होत्या. बोटं आणि गुडघे दुखतात म्हणून बाईंनी कुणाला न सांगता गोळी थांबवली होती. 'गोळी घेता का?' असं विचारलं की 'हो' येतं, म्हणून पट्टी मोजायची. ही गोळी किमान पाच वर्षं चालते आणि रोग परतण्यापासूनचं मोठं संरक्षण तिच्यात आहे.

या दुखण्यावर व्यायामाचा खरा उपयोग आहे. होप नावाच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्रोझोलच्या गटातल्या गोळ्यांनी सांधे दुखणाऱ्या १२१ बायका होत्या. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोनदा ताकदीचा व्यायाम करणाऱ्या गटाचं सर्वांत तीव्र दुखणं वर्षभरात २९ टक्के कमी झालं. बाईंना हे सांगितलं, आणि गोळीची वेळ सकाळवरून रात्री जेवणानंतर नेली. डॉक्टरांना कळवून गोळी पुन्हा सुरू झाली. सकाळी अंथरुणातच कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात पाच मिनिटं, मग मुठी. पाणी कोमटच, कढत नाही, उजव्या हातासाठी हे महत्त्वाचं.

२४ आठवड्यांनी

बाराव्या आठवड्यात वजन ६४.१, चोविसाव्यात ६२.३ किलो. कंबर ९४ वरून ८७. खुर्चीवरून उठणं ८ वरून १२, मग १४. सहा मिनिटांचं चालणं ३४२ वरून ४३१ मीटर. उजवी मूठ १३ वरून १९ किलो, म्हणजे आता डावीच्या पुढे. हात समोरून १६२ अंश. एचबीए१सी ६.३. थकवा ७ वरून ३, सांधेदुखी ६ वरून ३. हातांच्या घेरातला फरक दीड सेंटिमीटरच्या आत स्थिर.

हे सगळं व्यायाम-आहारानंच झालं असं म्हणता येत नाही. उपचार संपल्यावर थकवा काळाबरोबर काहीसा उतरतोच, हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्वही सुधारलं. मूठ, उठ-बस आणि खांदा मात्र नुसत्या काळानं इतके सुधारत नाहीत. आधीच्या चौदा महिन्यांत ते बिघडतच गेले होते.

काही गोष्टी तशाच राहिल्या. तळव्यांचा बधिरपणा थोडाच कमी झाला. रात्री घाम येऊन जाग येणं चालू आहे. आणि बाई अजून आरशासमोर कपडे बदलत नाहीत. कापसाची घरगुती पट्टी काढून वजनाला डाव्या बाजूशी जुळणारं कृत्रिम स्तन दिल्यावर वर ओढलेला उजवा खांदा खाली आला, पण मनातलं ते दुखणं व्यायामानं भरून येणारं नाही. त्यासाठी समुपदेशकांकडे पाठवलं, त्या दोनदा गेल्या. नवऱ्यालाही बोलवायला हवं होतं, आणि ते पहिल्या महिन्यातच.

केस आता स्वतः बांधतात. संक्रांतीला समई त्यांनीच फळीवरून काढली, स्टुलावर चढून नव्हे, जमिनीवर उभं राहून. शेवटच्या भेटीत नातू सोबत होता, एव्हाना १२ किलोचा. "आता घेऊ का कडेवर?" त्यांनी विचारलं. बाही घालून, त्याला आधी पलंगावर उभं करून, दोन्ही हातांनी छातीशी धरून, डाव्या कडेवर आणि पाच मिनिटांपुरतं, असं सांगितलं. जमिनीवरून वाकून मात्र अजून नाही, कण्याची तपासणी पुन्हा झाल्याशिवाय. सुनेनं ते वहीत लिहून घेतलं आणि पोराला पलंगावर उभं केलं.